राष्ट्रहिताची सूट आणि आपले संशोधक

गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी हे गाव महाराष्ट्रास ठाऊक आहे ते प्रतापराव गुजरांमुळे. १६७४ च्या फेब्रुवारीत बहलोलखानाच्या फौजेवर अवघ्या सहा स्वारांनिशी तुटून पडलेल्या त्या सेनापतीचे स्मारक तेथे आहे. आज अशा गावांतील हुशार मुले-मुली गडहिंग्लजहून शिवाजी विद्यापीठात, आणि तेथून पीएच.डी.साठी थेट अमेरिकेच्या प्रयोगशाळेत जाऊन पोचतात. तेथील नोकरी बहुधा मुदतीची आणि व्हिसा मालकाशी बांधलेला. अशा स्थितीत ‘राष्ट्रहिताच्या सुटी’चे नाव कानी येते, आणि घरच्या मंडळींचा समज होतो की आता ग्रीन कार्ड हाती आलेच! हा समज वेळीच दूर झालेला बरा.

सूट कशाची, हे आधी नीट पाहिले पाहिजे. उच्च पदवीधर परकीयांसाठी अमेरिकेत ‘ईबी-२’ नावाचा वर्ग आहे. त्यात येण्यास सामान्यतः नोकरी देणारा मालक लागतो. शिवाय त्या जागेसाठी योग्य अमेरिकन माणूस मिळत नाही, असा तेथील श्रमखात्याचा दाखलाही लागतो. १९९० च्या कायद्याने या दोन्ही अटी राष्ट्रहितास्तव माफ करण्याची मुभा दिली. मग संशोधक ‘आय-१४०’ हा अर्ज स्वतःच, स्वतःसाठी करू शकतो. सूट आहे ती एवढीच.

‘राष्ट्रहित’ म्हणजे काय, हे मात्र कायद्याने सांगितले नाही. १९९८ साली एका पूल-अभियंत्याच्या प्रकरणात अपील अधिकाऱ्यांनी एक कसोटी ठरविली. ती फार जाचक ठरली. २७ डिसेंबर २०१६ च्या ‘धनसार’ निर्णयाने ती मोडीत काढून नवी घालून दिली. अंगीकृत कार्यास भरीव मोल आणि राष्ट्रीय महत्त्व असावे. ते पुढे नेण्यास अर्जदार समर्थ असावा. आणि सारासार पाहता त्या अटी माफ करण्यातच त्या देशाचे हित असावे. यात पहिला प्रश्न माणसाच्या हुशारीचा नाही, त्याच्या पुढील कार्याचा आहे. आमचे पुष्कळ विद्यार्थी येथेच फसतात. निबंधांची यादी आणि सुवर्णपदके जोडली की काम झाले, असे त्यांस वाटते. वस्तुतः विचारले जाते ते असे की, पुढे नेमके काय करणार, आजवरच्या कामाचा उपयोग इतरांनी कोठे केला, निधी कोणी दिला. शिफारसपत्रेही केवळ स्वतःच्या मार्गदर्शकाची नकोत. ज्यांनी अर्जदारास पाहिलेले नाही पण त्याचे काम वापरले आहे, अशा तज्ज्ञांच्या शब्दाला वजन अधिक.

त्या निर्णयातील एक गोष्ट, एके काळी शिक्षकी केलेल्या आम्हांस, किंचित बोचली. तो अर्जदार विमान व अवकाश-अभियांत्रिकीचा संशोधक आणि शिक्षकही होता. त्याच्या संशोधनास राष्ट्रीय महत्त्व मिळाले. अध्यापन मोलाचे खरे, पण त्याचा प्रभाव वर्गाबाहेर पसरेल असे सिद्ध झाले नाही, असा निर्वाळा पडला. तर्काने तो चुकीचा नाही, हे कबूल करावे लागते.

कोण्या राष्ट्राने परक्या संशोधकाचे काम आपले मानावे, हे मराठी माणसास नवे नाही. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर चळवळीमुळे ब्रिटिश हिंदुस्थानास पारखे झाले. मेक्सिकोने त्यांस चापिंगोच्या कृषिविद्यालयात स्थान दिले, आणि तेथे त्यांनी मक्यावर काम केले. स्वातंत्र्यानंतर ते परतले व १९६७ साली नागपुरात निवर्तले. त्यांच्या मार्गात रांग नव्हती.

आजच्या संशोधकापुढे ती आहे, आणि हीच या प्रकरणातील सर्वांत कडू बाब. अर्ज मंजूर झाला तरी ग्रीन कार्ड मिळत नाही. कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना दरसाल सुमारे सात टक्क्यांची मर्यादा. भारतात जन्मलेल्यांची ‘ईबी-२’ मधील प्रतीक्षा दहा वर्षांहून अधिक झाली आहे. ही सूट कोणास रांगेत पुढे नेत नाही, की केवळ मंजुरीने तेथे राहण्याचा हक्क देत नाही. सरकारी निधीवर आदानप्रदानाच्या व्हिसाने गेलेल्यास दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असू शकते. तीही यामुळे टळत नाही. ‘हमखास मंजुरी’ची जाहिरात करून जबर शुल्क घेणारे मध्यस्थ यांतील काहीच सांगत नाहीत. हा व्यवहार आम्हांस निंद्य वाटतो.

म्हणून मंजुरीचे पत्र आल्याबरोबर नेसरीकडची जमीन विकण्याची घाई कोणी करू नये. त्या पत्राने मिळते ते रांगेतील स्थान. आणि ते पत्राच्या तारखेवरून नव्हे, अर्ज दाखल झाल्या दिवसापासून मोजले जाते.