पॉलिसीतला साडेसात लाखांचा आकडा तपासलात का?

रिव्हर्स घेताना शेजाऱ्याची कंपाउंडची भिंत पाडली किंवा गाडी दुकानाच्या शटरवर आदळली, तर भरपाई कोण देणार? तुमचा थर्ड पार्टी विमा! पण किती, हे आधीच माहीत हवं.

🚗 मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार हा विमा बंधनकारक आहे. तो नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

🚗 दुसऱ्याचा मृत्यू किंवा इजा झाल्यास विमा कंपनीच्या जबाबदारीला रकमेची मर्यादा नाही. मालमत्तेला मात्र आहे: खासगी कारसाठी साडेसात लाख, दुचाकीसाठी एक लाख.

🚗 थोडा प्रीमियम वाचवण्यासाठी हे संरक्षण अवघ्या ६,००० रुपयांवर आणता येतं. कृपया तसं करू नका. आज एका गाडीचा बंपर तरी तेवढ्यात बदलून होतो का? पॉलिसीत ‘टीपीपीडी’ (थर्ड पार्टी प्रॉपर्टी डॅमेज, म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान) या शब्दासमोरचा आकडा आजच बघा.

🚗 तुमचंच गेट तुटलं तर यातून काही मिळत नाही. स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीसाठीही वेगळा ‘ओन डॅमेज’ विमा लागतो.

🚗 अपघातानंतर फोटो काढा आणि कंपनीला लगेच कळवा. तिच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करू नका, पैसे द्यायचं वचनही देऊ नका. पॉलिसीची तशी अटच असते.

घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हे नक्की सांगा.