निबंधांचें आवाहन आणि आमचीं दप्तरें

विद्यापीठें व विद्वत्परिषदा यांच्याकडून निबंधांचीं जीं आवाहनें प्रसिद्ध होतात, त्यांपैकीं ‘विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज’ या विषयाचीं कांहीं अलीकडे आमच्या संग्राहक मित्रांच्या हातीं पडूं लागलीं आहेत. बहुतेक जण पहिल्या चार ओळी वाचून ‘हा विषय आपला नव्हे’ असें म्हणून कागद बाजूस ठेवितात. आमच्या मतें हा विषय आपलाच आहे. किंबहुना मराठवाड्यांत त्याचीं साधनें आमच्याच हातून रद्दींत चाललीं आहेत. म्हणून असें आवाहन कसें वाचावें व त्यास उत्तर कसें द्यावें, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, ही प्रथा आपणांस परकी नाहीं. पेशवाईंत श्रावणमासीं विद्वानांस जी दक्षिणा वांटली जात असे, तिचा कांहीं अंश इंग्रजी अमलांत मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ लावण्यांत आला व १८५१ मध्यें दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. कमिटी विषय ठरवी, जाहिरात देई, मुदत घाली आणि आलेल्या ग्रंथांचें परीक्षण करवून पारितोषिक देई. आजच्या आवाहनाचीं सर्व अंगें यांत आलीं. १८८० नंतरच्या दशकांत या कमिटीनें आपल्या ज्योतिषशास्त्राच्या इतिहासाचा विषय जाहीर केला, व त्यास उत्तर म्हणून शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं ग्रंथ लिहून पारितोषिक मिळविलें. दीक्षित (१८५३–१८९८) हे कोंकणांतील मुरूडचे, व्यवसायानें शाळाशिक्षक. (हें लिहितांना आम्हांस थोडा अभिमान वाटतो, तो वाचक क्षम्य मानतील.) ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ हा त्यांचा ग्रंथ पुण्यास १८९६ मध्यें छापून निघाला. पुढें १९५७ मध्यें त्याचें हिंदी भाषांतर झालें, आणि भारत सरकारनें इंग्रजी भाषांतर दोन भागांत, १९६९ व १९८१ मध्यें, प्रसिद्ध केलें. एका जाहिरातीचें हें फळ आहे.

पण आमचा मुद्दा याहून पुढचा आहे. त्या काळीं महाराष्ट्रांत पंचांगाचा वाद चालू होता. गांवोगांवचे जोशी गणेश दैवज्ञाच्या ग्रहलाघवावरून (शके १४४२) पंचांग करीत. केरो लक्ष्मण छत्रे यांनीं नव्या युरोपीय कोष्टकांच्या आधारें शके १७८७ पासून पटवर्धनी पंचांग सुरू केलें, तेव्हां दोन पंचांगांत ग्रहणाचा वेळ निराळा, तिथीची समाप्ति निराळी असें होऊं लागलें. मग एकादशी कोणत्या दिवशीं करावी? वेधशाळा प्रमाण कीं करणग्रंथ प्रमाण? स्वतः दीक्षित सायन पंचांगाच्या पक्षाचे होते. गणिताची शुद्धता हा या वादाचा एक भाग झाला. लोक कोणाचा शब्द मानतात आणि कां मानतात, हा दुसरा. ‘विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज’ या नांवानें जो अभ्यास आज चालतो, तो मुख्यतः या दुसऱ्या भागाचा होय. त्याची अमेरिकेंतील प्रमुख परिषद १९७५ मध्यें स्थापन झाली. नांव नवें, प्रश्न मात्र आमच्या आजोबांच्या ओसरीवरचा.

एका उदाहरणानें हा भेद स्पष्ट होईल. लग्नघरीं घटिकापात्र मांडीत. तळाशीं सूक्ष्म छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर ठेवावी. ती भरून बुडाली कीं एक घटिका, म्हणजे २४ मिनिटें झालीं, अशा ६० घटिकांचा अहोरात्र. विज्ञानेतिहासाचा अभ्यासक विचारील कीं, छिद्राचें मान ग्रंथांत काय सांगितलें आहे व प्रत्यक्ष वाटी त्यास किती जुळते. आपल्या देशांत १९६६ पासून निघत असलेल्या ‘इंडियन जर्नल ऑफ हिस्टरी ऑफ सायन्स’मध्यें असे निबंध शोभतील. दुसऱ्या प्रकारचा अभ्यासक विचारील: वाटीपाशीं कोण बसे? त्यास बिदागी काय मिळे? घरांत खिशांतलें घड्याळ आल्यावर मुहूर्ताच्या वेळीं जोशीबुवांचा शब्द खरा कीं घड्याळाचा कांटा खरा? या प्रश्नांचीं उत्तरें ग्रंथांत नाहींत. तीं लग्नखर्चाच्या यादींत, पंचांगाच्या समासांत, नात्यांतल्या पत्रांत आहेत.

आणि नेमके हेच कागद आम्ही टाकून देतों. राजवाडे यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ छापण्यास आरंभ केला, तेव्हांपासून आमची नजर राजकारणी पत्र शोधण्यास सरावली आहे. रुमाल सोडला कीं मोर्तब पाहावें, सनद असल्यास हर्ष मानावा, आणि वैद्याचें बाड, मोट व चऱ्हाटांचा हिशेब, जुनीं पंचांगें हीं ‘किरकोळ’ म्हणून परत बांधावीं अथवा बांधूंही नयेत. अर्धापुरास बसून आम्ही हें लिहीत आहों. येथील केळीच्या बागा आणि पानमळे सर्वांस ठाऊक आहेत. विहिरीच्या मोटेवर मळा कसा भिजत असे, पाळीवरून भांडणें कशीं होत, पुढें मोटेच्या जागीं इंजिन आलें, वीज आली, इसापूर धरणाच्या कालव्याचें पाणी आलें, तेव्हां कोणाचें वजन वाढलें व कोणाचें उतरलें, हा सर्व वृत्तांत घराघरांतील वह्यांत आहे. पाण्याच्या तंत्रावर निबंध मागविणारें आवाहन आलें, तर याहून अधिक काय हवें?

आतां उत्तर कसें द्यावें तें पाहूं. आवाहनांत आरंभीं विषयाची प्रस्तावना असते, मग प्रश्नांची माळ, मग मुदत व शब्दमर्यादा. प्रश्नांपैकीं सर्वांस उत्तर देण्याची अपेक्षा नसते, एक धरावा. प्रथम पूर्ण निबंध न मागतां बहुधा दोनतीनशें शब्दांचा सारांश मागतात, आणि आमचे लोक अडखळतात ते येथें. कोणी संपूर्ण नक्कल पाठवितो, कोणी घराण्याची कैफियत. सारांश लिहितांना आपल्या शास्त्रकारांचें अनुबंधचतुष्टय स्मरावें: विषय, प्रयोजन, संबंध, अधिकारी. कोणता कागद व कोणता प्रश्न, हा विषय. त्यावरून काय सिद्ध होतें, हें प्रयोजन. आवाहनाच्या कोणत्या प्रश्नास तो लागतो, हा संबंध. हें कोणाच्या उपयोगाचें, हा अधिकारी. समजा, एखाद्या घरीं तीस वर्षांचीं पंचांगें एकत्र आहेत व समासांत पावसाच्या, पेरणीच्या, कर्जाच्या नोंदी आहेत. ‘आमच्याकडे दुर्मिळ पंचांगें आहेत’ हा सारांश नव्हे. ‘शेतकरी कुटुंब छापील पंचांगाचा उपयोग हिशेबाची वही म्हणून करी, आणि पर्जन्याचें भाकीत प्रत्यक्ष पावसाशीं ताडून पाही, असें या नोंदींवरून दिसतें’ हा सारांश होय.

परीक्षण बहुधा अनामिक असतें. परीक्षकास लेखक कळूं नये असा दंडक. संग्राहकास ही मोठीच अडचण आहे, कारण ‘आमच्या संग्रहांतील रुमाल क्रमांक अमुक’ असें लिहिलें कीं नांव फुटतें, आणि न लिहावें तर कागदाचा ठावठिकाणा जातो. ठावठिकाणा नसलेला कागद आमच्या लेखीं निम्मा मेलेला. यावर तोड अशी: निबंधांत ‘खाजगी संग्रह’ एवढेंच लिहावें, कागद कोठें, कोणाकडून व केव्हां मिळाला हें टिपण वेगळ्या पत्रावर संपादकांस द्यावें व छपाईच्या वेळीं तें मूळ जागीं घालण्याचा आग्रह धरावा.

खोट्या आवाहनांपासून सावध असावें. विद्यापीठ अनुदान आयोगानें मे १९१८ नव्हे, तर अगदीं अलीकडे, मे २०१८ मध्यें आपल्या मान्य यादींतून ४३०५ नियतकालिकें एकदम काढून टाकलीं, यावरून रोग किती पसरला होता हें दिसेल. पुढें आयोगानें ‘केअर’ नांवाची यादी केली. तीही फेब्रुवारी २०२५ मध्यें बंद झाली. तेव्हां पारख आपली आपणच करावी. परिषदेची नोंदणी-फी असणें यांत वावगें नाहीं. पण विषयाची मर्यादा नाहीं, दोन दिवसांत स्वीकृति येते आणि लगेच पैशाची मागणी होते, असें दिसल्यास तो कागद खुशाल रद्दींत टाकावा.

बहुतेक आवाहनें इंग्रजींत निघतात. इंग्रजी लिहिण्याचा सराव नसल्यास एखाद्या तरुण अभ्यासकास सहलेखक करावें. मात्र मोडीचें वाचन आपण करावें व मूळ कागदाचें छायाचित्र सोबत जोडावें. मिति दिली असेल ती जशीच्या तशी द्यावी व पुढें ईसवी सन लिहावा. आमच्या भागांत १९४८ पर्यंत निजामी अंमल असल्यामुळें दप्तरांत फसली सन येतो. हैदराबादचें फसली वर्ष अखेरच्या काळांत आक्टोबरच्या आरंभीं, आजुर महिन्यांत, लागत असे. त्यांत ५९० मिळविले असतां तें ज्या ईसवी सनांत सुरू झालें तो येतो, आणि जानेवारीनंतरच्या नोंदींस ५९१ मिळवावे लागतात. म्हणजे फसली १३५७ च्या आजुरांतील नोंद १९४७ ची, पण त्याच वर्षाच्या उन्हाळ्यांतील नोंद १९४८ ची समजावी.