एका टेबलावरचे दोन परवाने

महाराष्ट्रात दारूच्या पेल्याला परवाना लागतो आणि पिस्तुलालाही लागतो. हे दोन्ही परवाने एकाच माणसाकडे, एकाच टेबलावर एकत्र आले तर काय करायचे, याबद्दल मात्र नियमांत स्पष्ट ओळ नाही. ती लिहिली जाण्याची गरज आहे.

१६ मार्च २०२४, शनिवार. त्या दिवशी दुपारी लोकसभा निवडणुकीची घोषणा होऊन आचारसंहिता लागली. रात्री आठच्या सुमारास इंदापूरजवळ पुणे-सोलापूर महामार्गावरच्या एका हॉटेलात चौघे जण टेबलाभोवती बसले होते. दोघे आत आले, एकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. पुढच्या काही क्षणांत एकाच्या डोक्यात गोळ्या घातल्या गेल्या, मागोमाग कोयतेधारी टोळके घुसले आणि खुर्चीवरून कोसळलेल्या त्या माणसावर वार होत राहिले. शेजारच्या टेबलांवरची गिऱ्हाइके जेवण टाकून पळाली. हे सगळे सीसीटीव्हीत टिपले गेले आणि दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रभर मोबाइलवर फिरले. तपासात टोळ्यांच्या वैराचा धागा पुढे आला. त्या हॉटेलात मद्य मिळत होते की नाही, हा इथला मुद्दा नाही. मुद्दा असा की बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या माणसाला त्या चित्रफितीने एक गोष्ट दाखवली. ज्या जागी आपण बायकामुलांना घेऊन निर्धास्तपणे बसतो, तिथे शेजारच्या माणसाच्या कमरेला काय आहे हे आपल्याला ठाऊक नसते.

या पट्ट्यात हॉटेल ही चैनीची बाब राहिलेली नाही. भिगवणला उजनीच्या पाण्यातली मासळी खायला पुण्याहून गाड्या येतात. बारामती एमआयडीसीतले कामगार, साखर कारखान्यांचे सभासद, जमिनीचे व्यवहार करणारे, पंढरपूरच्या वाटेवरचे भाविक, सगळे याच रस्त्यांवर जेवायला थांबतात. त्यांतल्या कित्येक ठिकाणी पाटीवर एका बाजूला ‘फॅमिली रेस्टॉरंट’ आणि दुसऱ्या बाजूला ‘परमिट रूम’ असे लिहिलेले असते, मध्ये जेमतेम एक पडदा किंवा प्लायवुडची भिंत. म्हणून दारू मिळणाऱ्या जागी बंदूक असावी का, हा प्रश्न पिणाऱ्यांपुरता नाही. पडद्याच्या अलीकडे जेवणाऱ्या कुटुंबाचाही तो आहे.

कायदा काय सांगतो ते आधी पाहू. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. पुणे ग्रामीण भागात हा परवाना जिल्हा दंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकारी देतात. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवण्याची मुभा राहिली, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली आणि हर्षोल्हासात केलेला गोळीबार हा स्वतंत्र गुन्हा ठरला. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचे तर ते होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेले आणि धारकाच्या ताब्यात असले पाहिजे. अर्जासोबत जोडायच्या वैद्यकीय दाखल्यात अर्जदार मादक पदार्थांच्या आहारी गेलेला नाही ना, हेही पाहिले जाते. शिवाय परवान्याच्या अटींत जुनी आणि महत्त्वाची एक ओळ आहे : खास परवानगी नसेल तर शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, अन्य सार्वजनिक जमावात किंवा शिक्षणसंस्थेच्या आवारात नेता येणार नाही. म्हणजे तुकोबांच्या पालखीचे बेलवाडीला रिंगण चालू असताना परवानाधारकाने तिथे पिस्तूल लावून उभे राहायचे नाही. इंदापूरच्या कॉलेजच्या फाटकातून ते आत न्यायचे नाही. पण त्याच रस्त्यावरच्या परमिट रूममध्ये तो ते घेऊन बसला, तर ही जागा ‘सार्वजनिक जमाव’ ठरते का, यावर वकिलांना वाद घालता येतो. मिरवणुकीचे आणि शिक्षणसंस्थेचे नाव अटीत स्पष्ट आहे, दारूच्या टेबलाचे नाही.

आता दुसरी बाजू. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे आणि त्यानुसार पिणाऱ्याकडेही परवाना असावा लागतो. ‘परमिट रूम’ हा शब्दच तिथून आला. विदेशी मद्याचा एका दिवसाचा परवाना पाच रुपयांत मिळतो. बारचा परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अखत्यारीत, बंदुकीचा जिल्हाधिकाऱ्यांच्या आणि त्यावरचा अहवाल पोलिसांचा. तिन्ही खाती एकाच माणसाला वेगवेगळ्या खिडक्यांतून पाहतात. शस्त्र शाखेच्या फाइलवर तो ‘जिवाला धोका असलेला अर्जदार’ असतो, उत्पादन शुल्काच्या दृष्टीने गिऱ्हाईक असतो. तो एका हाताने पेला धरून दुसऱ्या हाताने पिस्तुलाची मूठ चाचपतो, ते या तिघांपैकी एकाच्याही नोंदवहीत येत नाही.

हीच दारू गाडीच्या बाबतीत कायद्याने किती गंभीरपणे घेतली आहे, ते बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये आकडा आहे : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले तर चालकावर गुन्हा. अपघात झालाच पाहिजे अशी अट नाही. सर्वोच्च न्यायालयाने तर १५ डिसेंबर २०१६ च्या निकालाने महामार्गालगतची मद्यविक्रीच ५०० मीटर मागे ढकलली. पुढे त्यात सवलती आल्या, तरी दारू आणि धोक्याचे यंत्र यांच्यात अंतर ठेवावे हे तत्त्व मान्य झाले. पिस्तूल हेही यंत्रच आहे आणि ते चालवायला रस्ताही लागत नाही. मात्र त्याच्यासाठी रक्तातला आकडा नाही आणि जागेचे अंतरही नाही. निष्काळजी गोळीबाराचे कलम आहे, पण ते गोळी सुटल्यावर लागते. गाडीच्या बाबतीत कायदा अपघाताआधी हात धरतो, तर बंदुकीच्या बाबतीत पंचनाम्याला येतो. माझे म्हणणे एवढेच आहे : हा क्रम बदलावा आणि जिथे मद्य पिण्यास दिले जाते तिथे परवान्याचेही शस्त्र नेता येणार नाही, अशी स्पष्ट अट घालावी.

परवाना मिळवणारा माणूस पारखून घेतलेला असतो, त्याच्याकडून धोका काय, असे कोणी म्हणेल. देशाने याचे उत्तर २५ वर्षांपूर्वीच पाहिले आहे. एप्रिल १९९९ च्या अखेरीस दिल्लीत मेहरौलीच्या एका रेस्टॉरंटमध्ये मध्यरात्र उलटल्यावर दारू द्यायला नकार मिळाला, म्हणून जेसिका लाल या तरुणीवर गोळी झाडली गेली. पहिली गोळी छताकडे, दुसरी तिच्या डोक्यात. दोषी ठरलेल्या मनू शर्माकडे .२२ पिस्तुलाचा परवाना होता. २००६ मध्ये आधी निर्दोष सुटका, त्याच वर्षी उच्च न्यायालयात जन्मठेप आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब, असा तो खटला चालला. त्यातले वैर पेल्याएवढेच होते. त्या रात्री पिस्तूल घरी असते, तर शिवीगाळ झाली असती, फार तर हाणामारी. आपल्या शेजारच्या दौंड तालुक्यातही जुलै २०२५ मध्ये चौफुल्याजवळच्या एका कला केंद्रात गोळीबार झाल्याचा गुन्हा यवत पोलिसांनी नोंदवला आणि संशयितांना अटक केली. करमणुकीच्या जागी बंदूक पोचते, हे आपल्यापासून दूर राहिलेले नाही. परवाने पारखूनच दिले जातात हे गृहीतकही बीडने मोडले. २०२४ च्या अखेरीस मस्साजोगच्या सरपंचाच्या हत्येनंतर तिथले परवाने तपासले, तेव्हा त्यांची संख्या हजारावर निघाली आणि त्यांतले शंभराहून जास्त रद्द करावे लागले.

बंदूक हा हक्क मानणाऱ्या अमेरिकेतही या जागेबद्दल रेघ ओढली गेली आहे. टेक्सासमध्ये ज्या ठिकाणाचे निम्म्याहून अधिक, म्हणजे ५१ टक्के उत्पन्न तिथेच प्यायल्या जाणाऱ्या दारूतून येते, तिथे लाल अक्षरांत ‘५१’ अशी पाटी लावावी लागते आणि पिस्तूल आत नेणे गुन्हा ठरतो. व्हर्जिनियाने २०१० मध्ये लपवलेले पिस्तूल रेस्टॉरंटमध्ये नेण्याची मुभा दिली, पण नेणाऱ्याने पिता कामा नये या अटीवर. २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शस्त्र बाळगण्याचा हक्क रुंद केला, तेव्हा न्यूयॉर्कने लगेच नवा कायदा करून मद्य मिळणाऱ्या जागा संवेदनशील ठिकाणांच्या यादीत घातल्या. आपल्याकडे तर शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाहीच, ती सरकारने दिलेली सवलत आहे. हक्काला अट घालण्याहून सवलतीला अट घालणे कितीतरी सोपे आहे.

आता आक्षेपांकडे. सगळ्यात वजनदार आक्षेप इंदापूरच्या घटनेतूनच येतो. ज्याला खूनच करायचा आहे, त्याला परवान्याच्या अटी अडवत नाहीत. शिवाय तिथे पिस्तुलाइतकाच कोयता चालला. हे खरे आहे आणि ते मान्यच करावे लागते. कोयत्याची अडचण तर आणखी खोल आहे. शस्त्र कायद्याने ‘शस्त्रा’च्या व्याख्येतून केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेली अवजारे वगळली आहेत आणि या पट्ट्यात कोयता म्हणजे पोटापाण्याचे साधन. ऊसतोडीला आलेल्या नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. भवानीनगरच्या किंवा माळेगावच्या साखर कारखान्याच्या गाळपासाठी आलेल्या मजुराच्या हातातल्या पात्यावर परवाना लादता येणार नाही, लादूही नये. पण यातून निष्कर्ष उलटा निघतो. वस्तूवर बंदी घालता येत नाही तिथे जागेचा नियम उपयोगी पडतो. फडात कोयता हे अवजार आहे, बारच्या टेबलाखाली ते अवजार नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली बंदुका, सुरे, लाठ्या अशा वस्तू घेऊन फिरण्यास ठरावीक काळ मनाई करता येते, म्हणजे जागा आणि वेळ पाहून मनाई करण्याची सवय आपल्या प्रशासनाला आहेच. टोळीयुद्ध या अटीने थांबणार नाही. त्यासाठी बेकायदा पिस्तुलांची साखळीच तोडावी लागेल. ही अट थांबवेल ती दारूच्या भरातली, क्षणात पेटणारी भांडणे.

दुसरा आक्षेप संरक्षणाचा. ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे, त्याने जेवायला जाताना निःशस्त्र व्हायचे का? यात तथ्य आहे, पण इंदापूरची चित्रफीत पुन्हा आठवा. हल्लेखोर टेबलापर्यंत पोचून गोळ्या झाडेपर्यंत जो वेळ गेला, त्यात बसलेल्या माणसाला कमरेचे शस्त्र काढता आले असते का? आणि आजूबाजूला जेवणारी माणसे असताना त्याने उलट गोळीबार केला असता, तर कोण वाचले असते? खराच धोका असलेल्याला कामावर असलेला, न पिणारा अंगरक्षक नेण्याची सूट ठेवता येईल. बाकीच्यांसाठी निवड सोपी आहे : जिथे दारू मिळत नाही तिथे जेवावे, किंवा शस्त्र घरी कुलपात ठेवावे. शस्त्र गाडीत ठेवून आत जाणे हा मार्ग मात्र बंद हवा, कारण महामार्गावरच्या पार्किंगमधून चोरीला गेलेले पिस्तूल थेट बेकायदा बाजारात जाते. आणि परवानाधारकांना शस्त्रापासून दूर राहणे काही नवे नाही. प्रत्येक निवडणुकीत जिल्ह्याजिल्ह्यात छाननी होऊन परवान्यांची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा होतात. मतदानाच्या शांततेसाठी जे काही आठवडे चालते, ते जेवणाच्या दोन तासांसाठी अशक्य कसे?

तिसरा आक्षेप हॉटेलमालकांचा : आमच्या वेटरने गिऱ्हाइकाची झडती घ्यायची का? अजिबात नाही. पंधरा-वीस हजारांवर राबणाऱ्या पोराला कोणाच्या कमरेला हात लावायला सांगणे अन्यायाचे होईल. मालकाने दारावर ठळक पाटी लावावी, कॅमेरे चालू ठेवावेत आणि शस्त्र दिसले तर पोलिसांना फोन करावा, एवढीच त्याची जबाबदारी असावी. आज मालकाने एखाद्या वजनदार गिऱ्हाइकाला हटकले, तर तो परवाना दाखवून त्यालाच गप्प करतो. उद्या मालकाला पाटीकडे बोट दाखवता येईल.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो : कागदावरच्या नियमांत आणखी एकाची भर. पिण्याचा परवाना तरी कोण तपासतो? पण दोन परवान्यांत मोठा फरक आहे. पाच रुपयांचा कागद गेल्याने पिणाऱ्याचे काही बिघडत नाही. बंदुकीचा परवाना मिळवायला वर्षे जातात आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला पुन्हा त्याच दारात उभे राहावे लागते. या माणसाला गमावण्यासारखे काहीतरी आहे. अट मोडल्यास शस्त्र अधिनियमाच्या कलम ३० खाली शिक्षा आहे, कलम १७ खाली परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. त्याच कलमाने परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला विहित अटी सोडून इतर अटींत बदल करण्याचाही अधिकार दिला आहे. म्हणजे केंद्राने नियम दुरुस्त करेपर्यंत थांबायची गरज नाही. पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना ही ओळ नव्या आणि नूतनीकरणाच्या परवान्यांवर आजही लिहिता येईल, आणि उत्पादन शुल्क विभागाला बारच्या परवान्याशी पाटीची अट जोडण्याचा प्रस्ताव पुढे नेता येईल.

बेलवाडीच्या रिंगणाला आणि कॉलेजच्या फाटकाला जे संरक्षण एका ओळीने मिळाले आहे, तेच भिगवणला मासळी खायला थांबलेल्या कुटुंबाला मिळायला हवे. त्या जुन्या अटीत जत्रा, मिरवणूक, शाळा यांच्या पुढे ‘जिथे मद्य पिण्यास दिले जाते अशी जागा’ हे शब्द जोडले, की पेला आणि पिस्तूल यांचे परवाने पहिल्यांदाच एकमेकांची दखल घेतील.