ठिणगी दगडाची नव्हे

वडूजच्या आसपास माळावर हिंडताना पायाला पांढऱ्या गारगोट्या लागतात. खटाव-माणच्या मेंढपाळाच्या चंचीत एके काळी असा एखादा दगड असायचा. जोडीला पोलादाचा तुकडा आणि कापूस. हीच चकमक.

दगडातून ठिणगी पडते, असं आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात गारगोटी पोलादापेक्षा कठीण असते. तिची धार पोलादाचा बारीकसा कण खरवडते, घर्षणाने तो तापतो आणि हवेत पेट घेतो. जळतं ते लोखंड! म्हणून मऊ खिळा इथे उपयोगाचा नाही, पण पाणी दिलेली जुनी कानस चालते.

ही ठिणगी मात्र फार अशक्त. काटक्या सोडाच, साधा कापूसही तिला सहसा दाद देत नाही. कापूस किंवा सुती चिंधी आधी अर्धवट जाळून, काळी करून ठेवावी लागते. तीवर ठिणगी पडली की ज्योत उठत नाही, लाल ठिपका नुसता धुमसतो. तो वाळल्या गवताच्या चोळून केलेल्या घरट्यात ठेवायचा आणि हळूहळू फुंकायचं.

आता गिर्यारोहकांच्या पिशवीत काळी कांडी असते. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फोन वेल्सबाख यांनी १९०३ साली सेरियम आणि लोखंडाच्या या मिश्रधातूचं पेटंट घेतलं. लायटरमधला बारीक खडा त्याच जातीचा. याच्या ठिणग्या पोलादाच्या ठिणग्यांहून कितीतरी गरम. मोकळा पिंजलेला कापूस थेट पेटतो. कांडी पावसात भिजली तरी पुसली की झालं. नव्या कांडीवरचा काळा थर मात्र आधी खरवडून काढावा. पाती स्थिर धरून कांडी मागे ओढावी. पाती पुढे रेटून माझी पहिली तीन घरटी मीच उधळली होती.

शेकोटीची जागा मोकळी, गवत काढलेली हवी. फाल्गुन-चैत्रात तर माळावर हा खेळ नकोच. वाऱ्यावर उडालेली एक ठिणगी मेंढरांचा चारा आणि जमिनीवर घरटं करणाऱ्या टिटवी-चंडोलाची अंडी एका दुपारी संपवते. उठताना नुसती माती लोटू नका, खाली निखारा जिवंत राहतो. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. मग राखेच्या जवळ तळहात धरून पाहा. ऊब लागली तर आणखी एक कळशी.