सरकारी यंत्राची किल्ली कोणाकडे?

शिधापत्रिका असो, सातबारा असो की विजेचे बिल असो, राज्यसरकारशी आपली गाठ आज संगणकामार्फत पडते. खिडकीपलीकडचा कारकून ‘सर्व्हर बंद आहे’ म्हणाला की आपण त्याच्यावर रागावतो. परंतु ते यंत्र त्याने बनविलेले नसते, आणि बिघडले तर उघडून पाहण्याची मुभाही त्याला नसते. कारखान्यातील यंत्राविषयी जो प्रश्न आम्ही कामगार चळवळीतील माणसे विचारत आलो, तोच येथेही विचारावयास हवा : या यंत्राची किल्ली कोणाच्या हाती आहे?

संगणकाने काय करावे हे सांगणाऱ्या लेखी सूचनांच्या संचाला सॉफ्टवेअर म्हणतात. बहुतेक कंपन्या हा मूळ लेख कुलपात ठेवतात आणि वापराचा परवाना तेवढा विकतात. नियम बदलला, नवा रकाना हवा झाला, की सरकारने पुन्हा त्याच दारी जावयाचे आणि मागतील ती किंमत मोजावयाची. याला दुसरा मार्ग आहे. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी असे सॉफ्टवेअर निर्माण करण्याची घोषणा केली, की ज्याचा मूळ लेख कोणीही वाचावा, सुधारावा आणि इतरांना द्यावा. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा पाया घातला आणि जगभरच्या माणसांनी त्यावर मजले चढविले. गावाने मिळून खणलेल्या विहिरीसारखा हा प्रकार आहे; पाणी सर्वांचे, आणि गाळ काढण्याची जबाबदारीही सर्वांचीच.

हे राज्यकारभारात चालते काय? केरळकडे पाहावे. तेथे २००१ साली शाळांतून संगणक शिकविण्यासाठी ‘आयटी अॅट स्कूल’ हा सरकारी प्रकल्प सुरू झाला. अभ्यासक्रम एका खासगी कंपनीच्या सॉफ्टवेअरभोवती बांधला जात आहे असे दिसताच केरळ स्कूल टीचर्स असोसिएशन या शिक्षक संघटनेने त्यास विरोध केला. आम्हांस येथे विशेष वाटते ते हे, की ही मागणी पगारवाढीची नव्हती. आपण कोणत्या हत्याराने शिकवावे याविषयी कामगारानेही बोलावे, अशी ती मागणी होती. पुढे मुक्त सॉफ्टवेअर शाळांत आले. ते शाळांच्या गरजेप्रमाणे घडविण्याच्या आणि इतर शिक्षकांना शिकविण्याच्या कामी शाळांतलेच शिक्षक नेमले गेले. २०१७ साली या प्रकल्पाचे ‘काइट’ या सरकारी कंपनीत रूपांतर झाले. दोन लाखांहून अधिक संगणकांवर आपली प्रणाली बसवून परवान्यांचे ३,००० कोटी रुपये वाचविल्याचे काइटने २०१९ साली सांगितले. हा हिशेब संस्थेचा स्वतःचा आहे, तो थोडा सैल धरला तरी रक्कम लहान नाही.

पैशापेक्षा मोठी गोष्ट भाषेची. मल्याळम लिपी संगणकावर नीट उमटावी म्हणून ‘स्वतंत्र मलयाळम कंप्यूटिंग’ या मंडळींनी २००२ पासून अक्षरमुद्रा घडविल्या आणि त्या सर्वांना खुल्या ठेवल्या. एखाद्या परदेशी कंपनीला आपल्या जोडाक्षरांत नफा दिसेपर्यंत त्यांना थांबावे लागले नाही. केरळच्या वीज मंडळाचे उदाहरणही असेच आहे. तेथील कर्मचाऱ्यांनी मुक्त साधने वापरून बिलाची प्रणाली स्वतः तयार केली आणि तिला ‘ओरुमा’ असे नाव दिले. या मल्याळम शब्दाचा अर्थ एकजूट. बिल कोठे चुकते हे बिल करणाऱ्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

मात्र एका भ्रमापासून सावध राहिले पाहिजे. मुक्त म्हणजे फुकट नव्हे. २०१४ च्या एप्रिलमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष उघडकीस आला. इंटरनेटवरील असंख्य व्यवहार ज्या ओपन-एसएसएल या सामायिक सॉफ्टवेअरने सुरक्षित राखले जात, त्यातच तो होता. आणि त्याची देखभाल मूठभर माणसे तुटपुंज्या पैशांवर करीत होती. मोठमोठ्या कंपन्या आणि सरकारे विहिरीचे पाणी भरत राहिली, गाळ काढावयास कोणी उतरले नाही. परवान्याचा पैसा वाचवून तो अन्यत्र वळवावयाचा आणि काम उत्साही तरुणांच्या रात्रींवर सोपवावयाचे, याला सहकार म्हणता येणार नाही. ती वेठबिगारीच होय.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. सरकारने जनतेच्या पैशातून लिहवून घेतलेल्या सॉफ्टवेअरचा मूळ लेख, नागरिकांची खासगी माहिती वगळून, जनतेस खुला असावा. प्रत्येक खात्यात तो वाचू शकतील अशी कायम नोकरीतील माणसे असावीत, आणि बाहेरच्या मंडळींबरोबर दुरुस्तीत भाग घेणे हे त्यांच्या कामाच्या तासांत धरले जावे. प्रत्यक्ष खिडकीवर बसणाऱ्याची सूचना ऐकली जावी. आणि ज्या सामायिक सॉफ्टवेअरवर सरकार चालते, त्याच्या देखभालीसाठी अंदाजपत्रकात रक्कम असावी.

हे तंत्रज्ञांचे काम आहे, आपल्याला त्यात काय कळते, असे म्हणून सामान्य नागरिकाने मागे सरू नये. गिरणीचा हिशेबही एके काळी कामगाराला कळणार नाही असेच सांगितले जात होते. तो शिकला आणि हिशेब मागू लागला. पुढच्या खेपेस नगरपालिकेत अथवा विधानसभेत नव्या संगणक योजनेची घोषणा होईल, तेव्हा आपण दोनच प्रश्न विचारावेत : मूळ लेख कोणाच्या मालकीचा राहणार, आणि ठेकेदार निघून गेल्यावर तो दुरुस्त करणार कोण? या दोन प्रश्नांची सरळ उत्तरे मिळेपर्यंत कोणत्याही योजनेस आधुनिक म्हणण्याची घाई करू नये.