रोजचा पाठ : आठ वर्षांचं वाचन

या आठवड्यात स्तोत्रसंहिता सुरू करायची होती. ती पुढे ढकलतो, कारण वारज्यातल्या एका भगिनींचं पत्र आलं आहे. उत्पत्ती आणि निर्गम त्यांनी भराभर वाचले, लेवीयातल्या होमार्पणांपाशी अडखळल्या, तरी पहाटेचं वाचन सोडलं नाही. त्या विचारतात, ‘रोज वाचते, पण विश्वास वाढतोय असं काही जाणवत नाही. मग चुकतंय कुठं?’

ताई, तुमच्या शेजारचं कर्वेनगर म्हणजे जुनं हिंगणे. तिथल्या संस्थेसाठी दारोदार वर्गणी मागणाऱ्या बाया कर्वे या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला रमाबाईंपाशीच सापडतं.

सिल्चरला असताना पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकचं बंगाली शुभवर्तमान मिळालं. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. संस्कृतात मुरलेली ही बाई शास्त्र वाचायची ती कसून. तरीही पुढे आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणानं लिहिलं, की पहिली आठेक वर्षं त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. हॅस्लम या इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र वाचताना त्यांना हे उमगलं. हा पाळक वर्षानुवर्षं प्रवचनं देत होता आणि त्याचं मन पालटलं ते स्वतःच्याच व्यासपीठावर, स्वतःचंच प्रवचन चालू असताना!

ती आठ वर्षं वाया गेली असं मी मुळीच मानत नाही. वचनं आत साठत होती, म्हणून तर ती वेळ आल्यावर उभी राहिली. पुण्यात सदनात मुलगी मनोरमेसह त्या प्रार्थना करीत, तेव्हा खोलीचं दार उघडं असे. मुली येऊन बसू लागल्या, गावात गदारोळ झाला. 1893 मध्ये रानडे, भांडारकरांसारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली. रमाबाईंनी दार लावलं नाही.

मग 1896-97 चा दुष्काळ. त्यांचे आईवडील दुष्काळातच अन्नावाचून गेले होते. ती भूक त्यांनी सोसलेली होती. तरी मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. इतक्या तोंडांची सोय कशी होणार, हे आधी ठरवून ही बाई निघाली नव्हती. देवावर भिस्त ठेवणं म्हणजे काय, हे मला कुठल्याही प्रवचनापेक्षा केडगावच्या त्या स्वयंपाकघराचा विचार करताना अधिक कळतं.

आणि वाचन? ते वाढतच गेलं. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, खेड्यातल्या बाईला वाचता यावं म्हणून. खिळे जुळवणाऱ्या बायका मुक्तीतल्याच. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल त्यानंतर बाहेर पडलं.

म्हणून ताई, काही जाणवतंय का हे रोज चाचपू नका. लेवीय तूर्त बाजूला ठेवून लूक घ्या. अध्याय 24 आहेत, रोज एक पुरे. वाचून झाल्यावर एकच वचन वहीत उतरवा आणि कामाला लागा.

बाकीच्यांनी स्तोत्र 119 काढून ठेवावं. त्याची 22 कडवी आहेत, प्रत्येकी आठ वचनांची. रोज तीन वाचलीत तर आठवड्यात 21 होतील. बाविसावं पुढच्या वेळी आपण मिळून वाचू.