टाचेखालचे पोलाद

टोरांटोत काही हिवाळे काढलेल्या माणसाला विचारले, की कोणत्या दिवशी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताना मन कचरते, तर तो बहुधा कडाक्याच्या थंडीच्या दिवसाचे नाव घेणार नाही. ओंटारिओ सरोवराच्या सान्निध्यामुळे या शहराचा पारा हिवाळ्यात पुष्कळदा शून्याच्या अलीकडे-पलीकडे येरझारा घालीत असतो. दुपारच्या उन्हात छपरांवरचे हिम वितळून पदपथांवर ओघळते आणि सूर्य मावळला की त्याच ओघळाचा, खालच्या काँक्रीटहून वेगळा ओळखूही न येणारा, पारदर्शक थर होऊन बसतो. बर्फाच्या पृष्ठावर पाण्यासारखे वर्तन करणारे एक अतिसूक्ष्म पटल असते, हा विचार मायकेल फॅरडे यांनी १८५० साली मांडला आणि पुढील संशोधनाने त्यास पुष्टी दिली. थंडी वाढत जाते तसतसे हे पटल क्षीण होते, म्हणून उणे वीस अंशांवरचा बर्फ बुटाला काहीशी पकड देतो आणि शून्यापाशी रेंगाळणारा ओला बर्फ जवळजवळ काहीच देत नाही. २०१३ च्या डिसेंबरात, ऐन नाताळच्या तोंडावर, गोठत्या पावसाने हे शहर वेढले आणि सुमारे तीन लाख ग्राहकांची वीज गेली, तेव्हा अंधाराइतकाच जाच घराच्या पायऱ्या उतरण्याचा होता.

अशा भूमीवर चालण्यासाठी बुटाच्या तळाशी बांधावयाच्या क्लीट्सची खरेदी हे येथील मराठी कुटुंबांत, विशेषतः लेकीच्या बाळंतपणासाठी ऐन हिवाळ्यात आई येऊन राहावयाची असेल तेव्हा, एक आवश्यक कर्तव्य होऊन बसले आहे. आमच्या शेजारी सांगलीहून आलेल्या, साठी ओलांडलेल्या एका ताईंसोबत मी गिर्यारोहणाचे साहित्य विकणाऱ्या दुकानात गेलो, तो याच कामासाठी. निघण्यापूर्वी त्यांना मी एकच विनंती केली होती, की रोज वापरावयाचे जाड बूट पायांत घालूनच निघा. कारण क्लीट्सचे माप पायाच्या नंबरावरून न ठरता बुटाच्या बाहेरच्या घेरावरून ठरते, आणि हिवाळी बुटाचा तळ सांगलीतल्या चपलेपेक्षा कितीतरी लांबरुंद असतो.

दुकानाच्या एका भिंतीवर नाना प्रकार टांगलेले होते. रबरी जाळीवर पोलादी तारेची वेटोळी चढविलेला प्रकार सर्वांत हलका आणि स्वस्त. दाबून बसलेल्या हिमावर तो उत्तम चालतो, पण काचेसारख्या कठीण बर्फात तारेची गोलाई फारशी रुतत नाही आणि उघड्या काँक्रीटवर ती झिजून तुटते. तरी त्याला तुच्छ लेखण्याचे कारण नाही, कारण पडण्याची धास्ती असलेल्या १०९ वृद्धांवर अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात झालेल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशाच तारेच्या क्लीट्स घालणाऱ्यांचे बाहेर पडण्या-घसरण्याचे प्रमाण लक्षणीय घटलेले आढळले. दुसऱ्या प्रकारात साखळ्यांना जोडलेले, सुमारे एक सेंटिमीटर लांबीचे त्रिकोणी पोलादी दात असतात; हाय पार्कमधल्या गोठलेल्या उतारांवर त्यांच्याइतका भरवशाचा सोबती दुसरा नाही. तिसऱ्यात जाड रबरी तळात टंगस्टन कार्बाइडच्या टोकाच्या आखूड खुंट्या बसविलेल्या असतात. त्याखेरीज बर्फाच्या कड्यांवर चढणाऱ्यांची लांब सुळ्यांची क्रॅम्पॉन होती, पण त्यांचा शहरी पदपथाशी काही संबंध नाही.

ताईंची नजर साहजिकच लांब दातांवर गेली. "भाऊ, घ्यायचंच तर हेच घ्यावं, हे बर्फात असं घुसेल की पाय हलायचा नाही," असे त्या म्हणाल्या. हा समज सार्वत्रिक आहे, आणि त्याची खातरजमा तेथेच करून घेणे मला अगत्याचे वाटले. मी त्यांना विचारले, की दिवसाकाठी तुमचे चालणे कोठून कोठवर? घरापासून बसच्या थांब्यापर्यंत, तेथून वाणसामानाच्या दुकानापर्यंत, एखादे वेळी लेकीबरोबर दवाखान्यात. म्हणजे वाट निम्मी साफ केलेल्या, मीठ टाकलेल्या काँक्रीटची आणि निम्मी ठिकठिकाणच्या बर्फाची. उघड्या काँक्रीटवर लांब दात रुतत नाहीत, त्यांच्या टोकांवर शरीराचा सगळा भार तोलला जातो, आणि घोटा मुरगळण्याची जोखीम उत्पन्न होते. कार्बाइडच्या खुंट्या आखूड असल्याने तेथे पाऊल जवळजवळ सपाट पडते, आणि कार्बाइड पोलादापेक्षा पुष्कळ कठीण असल्यामुळे काँक्रीटच्या घर्षणाने तिची धार लवकर मरत नाही. ज्या जमिनीवर आपला अधिक वेळ जावयाचा, तिचा विचार करून दात निवडावे, हे माझे ठाम मत आहे, आणि दुकानदाराच्या शिफारशीपेक्षाही मी त्याला अधिक वजन देईन.

यानंतरचा तपशील टाचेचा. चालताना जमिनीला प्रथम टाच टेकते, शरीराचा भार अद्याप पुरता पुढे आलेला नसतो, आणि नेमक्या त्या क्षणी टाच पुढे निसटली तर माणूस मागच्या मागे कोसळून कंबर, मनगट किंवा डोक्याची मागची बाजू आपटते. म्हणून केवळ चवड्याखाली दात असलेली जोडी, ती कितीही सुबक आणि खिशात मावणारी असो, मी वृद्ध माणसाच्या पायांत चढू देणार नाही. ताईंनी जोडी उलटी करून टाचेखालच्या खुंट्या बोटाने एकेक चाचपल्या, एकही हलत नाही असे पाहिले, आणि मगच ती मांडीवर घेतली.

बाकावर बसून क्लीट्स चढविण्याचा प्रयोग मात्र पुरेसा वेळ देऊन करावा. पुढचे रबर प्रथम बुटाच्या नाकावर अडकवावे, मग मागची जीभ धरून ते टाचेवर ओढावे, ही रीत. पण ताईंच्या बोटांची पेरे संधिवाताने सुजलेली, आणि मी त्यांना हातमोजे घालूनच ओढावयास सांगितले होते, कारण दाराबाहेर थंडीत उघड्या हातांनी ते काम करवत नाही. पहिल्या जोडीची जीभ दोनदा निसटली. दुसरी एक माप मोठी घेतली तेव्हा ती सहज चढली, पण पाय तिरपा करताच रबर बुटाच्या कडेवर सरकले, आणि मोठ्या मापाचा मोह तेथेच सोडावा लागला. अखेरीस, मागचा भाग उघडून पायावरून वेल्क्रोच्या पट्टीने आवळता येणारी जोडी निघाली. ती त्यांनी स्वतः, माझा हात न लागता, चढविली आणि उतरविली. त्या उभ्या राहिल्या तेव्हा सलवारीची मोहरी पट्टीच्या कडेत अडकली. ती बुटात खोचण्याची सवय लावून घ्यावी लागेल, हे त्यांनीच आपणहून ओळखले.

स्वतः उतरविता येण्यावर मी इतका भर देतो, याचे कारण असे, की बर्फावर तारणारे हे पोलाद गुळगुळीत लादीवर उलट घात करते. भूमिगत रेल्वेस्थानकाची ओली फरशी, दवाखान्याचा पॉलिश केलेला दगड, दुकानाच्या टाइल्स, यांवर खुंट्यांना रुतावयास काही नसते आणि रबराचा तळ जमिनीस टेकत नाही. म्हणून उंबऱ्याशी थांबून क्लीट्स काढणे, त्यांच्यासाठी पिशवीत एक जाड कापडी थैली बाळगणे आणि घराच्या दाराशी बसण्यासाठी एक स्टूल ठेवणे, एवढी तजवीज खरेदीबरोबरच झाली पाहिजे.

बुटाचा दर्जा हाही याच हिशेबातला. टोरांटो रिहॅबिलिटेशन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी बर्फाची जमीन असलेली आणि हवी तितकी कलती करता येणारी एक खोलीच उभारली आहे. सुरक्षेचे पट्टे बांधलेली माणसे तीत चढण-उतरण चालतात, आणि पाय घसरेपर्यंत उतार वाढवीत नेतात. सात अंशांच्या उतारावर टिकणाऱ्या बुटाला एका हिमकणाचे चिन्ह मिळते, अकरावर दोन, पंधरावर तीन. क्लीट्स थैलीत असताना, दोन बर्फांच्या मधल्या वाटेवर, पायाखाली अखेर बूटच असतो. तेव्हा चिन्ह असलेला बूट परवडत असेल तर आधी तो घ्यावा, असे मी प्रत्येक नवागताला सांगतो.

राहता राहिली निगा. पदपथांवरचे मीठ साखळ्या आणि खुंट्यांना गंज चढविते, म्हणून घरी आल्यावर क्लीट्स साध्या पाण्याने धुऊन, पुसून वाळवाव्या. चुलीजवळ किंवा हीटरवर ठेवू नयेत, रबर तडकते. आठवड्यातून एकदा उजेडात धरून खुंटीच्या मुळाशी रबर फाटू लागले आहे का ते पाहावे, आणि केसाएवढी चीर दिसली तरी तीच जोडी ओढीत न बसता नवी आणावी.